एम.ए. इतिहास झाल्यावर काय करावं, आणि किती दिवस करावं

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. एम.ए. इतिहासचं पहिलं वर्ष, दुसरं सत्र नुकतंच सुरू झालंय. धाराशिव जिल्ह्यातलं तालुक्याच्या गावचं कॉलेज, वडिलांची कोरडवाहू शेती, धाकट्या भावाची इंजिनिअरिंगची फी चालू. कॉलेजात प्लेसमेंट सेल आहे, पण तिथे येणाऱ्या कंपन्या बी.कॉम., बी.एस्सी.च्या मुलांना बोलावतात, इतिहासवाल्यांना कोणी विचारत नाही. नेट (प्राध्यापकपदासाठीची पात्रता परीक्षा) करू, बी.एड. करू की एमपीएससीच्या मागे लागू, असं तुम्ही विचारलंय. आणि अगदी शेवटी, जाता जाता लिहावं तसं लिहिलंय की एम.ए. झाल्यावर घरून जास्तीत जास्त दोन वर्षं मिळतील.

खरा प्रश्न त्या शेवटच्या वाक्यात आहे. नेट, बी.एड., एमपीएससी हे तिन्ही रस्ते चालू आहेत आणि तिन्ही रस्त्यांनी माझे विद्यार्थी पोचलेले आहेत. पण प्रत्येक रस्ता किती वर्षं खातो आणि मधल्या काळात घरात काही आणतो का, याचा हिशेब कोणी आधी मांडत नाही. मी ज्यांना अडकलेलं पाहिलंय ते बहुतेक सगळे हुशार होते. त्यांनी चुकीचा रस्ता धरला नव्हता, थांबायचं कधी ते ठरवलं नव्हतं.

मी कुठून बोलतेय ते सांगते. मी स्वतः इतिहासात एम.ए. केलं, सेट ही नेटसारखीच राज्याची पात्रता परीक्षा पास झाले, सात वर्षं तासिका तत्त्वावर, म्हणजे तासाच्या मानधनावर, शिकवलं. गेली चौदा वर्षं मोडी या जुन्या मराठी लिपीतल्या कागदपत्रांचं देवनागरीत लिप्यंतर हे माझं मुख्य काम आहे. आठवड्यातून दोन दिवस सातारा जिल्ह्यातल्या एका कॉलेजात एम.ए.च्या वर्गाला शिकवते आणि मुलांच्या पुढच्या वाटचालीचं काम बघते. त्यामुळे मी जे सांगेन ते पश्चिम महाराष्ट्रात बसून पाहिलेलं आहे. मराठवाड्यात जिथे चित्र वेगळं आहे तिथे तसं सांगते.

काही गोष्टी तुमच्या परिस्थितीवर ठरतील. पहिली म्हणजे गुण. सहायक प्राध्यापक पदासाठी एम.ए.ला ५५ टक्के लागतात, राखीव प्रवर्गांना ५० टक्के. ५३ किंवा ५४ टक्क्यांवर एम.ए. संपवून नंतर हळहळणारी मुलं मी दरवर्षी बघते. दुसरी गोष्ट, इंग्रजी वाचायला किती जड जातं. तिसरी, बी.ए.ला इतिहासाबरोबर कोणते विषय होते. आणि चौथी, घरापासून लांब एक-दोन वर्षं राहता येईल का. या चारांची उत्तरं माझ्याकडे नाहीत, त्यामुळे पुढचा क्रम तुम्हाला थोडा पुढेमागे करावा लागेल.

आता नेट-सेट. मी तुम्हाला ही परीक्षा द्यायलाच सांगेन, कारण तिचा अभ्यास आणि एम.ए.चा अभ्यास बराचसा एकच आहे आणि एम.ए.च्या शेवटच्या वर्षाला असतानाच बसता येतं. म्हणजे दोन वर्षांच्या मुदतीतला एकही दिवस खर्च न करता पहिला प्रयत्न होतो. दोन्ही परीक्षांत दोन पेपर मिळून ३०० गुण असतात आणि चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत. फरक भाषेचा आहे. नेटचा इतिहासाचा पेपर इंग्रजी आणि हिंदीत येतो. पुणे विद्यापीठ महाराष्ट्र आणि गोव्यासाठी घेतं ती सेट मराठीतही देता येते. मराठीतून शिकलेल्या मुलांचं ज्ञान पक्कं असतं, पण प्रश्नातला इंग्रजी शब्द कळत नाही म्हणून गुण जातात. मी मुलांना एक वही करायला लावते: डावीकडे मराठी संज्ञा, उजवीकडे तीच इंग्रजीत. सारा, वतन, इनाम, मक्ता, सरंजाम असे रोज दहा शब्द. वर्षभरात ही वही गाईडपेक्षा जास्त उपयोगी पडते.

नेटमध्ये जेआरएफ, म्हणजे संशोधनासाठीची अधिछात्रवृत्ती, मिळाली तर गोष्टच वेगळी. पीएच.डी.ला प्रवेश घेतल्यावर महिन्याला ३७,००० रुपये मिळतात, म्हणजे घरची मुदत आपोआप वाढते. त्यासाठी वयाची अट ३० आहे, स्त्रियांना पाच वर्षांची सवलत आहे. पण दोन्ही पेपरना बसलेल्यांपैकी सुमारे ६ टक्केच सहायक प्राध्यापक म्हणून पात्र ठरतात आणि जेआरएफ त्यातल्याही वरच्यांना. ती मिळेलच असं धरून बेत आखू नका. जेआरएफ हुकली आणि पीएच.डी. करायचीच असेल, तर तुमच्या प्रवर्गाप्रमाणे बार्टी, सारथी, महाज्योती या राज्य सरकारच्या संस्थांच्या अधिछात्रवृत्तींच्या जाहिराती बघत राहा.

आणि नेट-सेट म्हणजे नोकरी नव्हे, हे मला अगदी कळकळीने सांगायचंय. ती पात्रता आहे. जागा निघेपर्यंत बहुतेकांच्या वाट्याला तासिका तत्त्व येतं. मी सात वर्षं सकाळी एका कॉलेजात आणि दुपारी एसटीने चाळीस किलोमीटरवरच्या दुसऱ्या कॉलेजात तास घेतले. मानधन तासावर, तेही सत्र संपून दोन-तीन महिने झाल्यावर हातात. मे महिन्यात काहीच नाही. शिकवण्यातला आनंद खरा होता, अजूनही आहे. पण एका संस्थेत कायम जागेची मुलाखत उत्तम झाली आणि नंतर बाजूच्या खोलीत बोलावून 'देणगी'चा आकडा सांगितला गेला. मी उठून आले आणि त्या रात्री ठरवलं की या जागेची वाट पाहण्यात आणखी एक वर्षही घालवायचं नाही. सगळीकडे असंच चालतं असं मी म्हणणार नाही. माझ्या दोन विद्यार्थिनी निव्वळ गुणवत्तेवर कायम झाल्या आहेत. तुम्ही तासिका तत्त्वावर शिकवा, अनुभव घ्या, पण त्याला एक-दोन वर्षांची मर्यादा घाला आणि त्याच्या जोडीला दुसरं काहीतरी हातात ठेवा.

बी.एड.चं गणित सरळ आहे. एम.ए.सोबत बी.एड. असेल तर कनिष्ठ महाविद्यालयाची जागा खुली होते. पण बी.एड. दोन वर्षांचं, म्हणजे तुमची सगळी मुदत तिथेच संपते. त्यानंतर पवित्र पोर्टलवरून, म्हणजे राज्याच्या शिक्षक भरतीच्या संकेतस्थळावरून, भरतीसाठी शिक्षक अभियोग्यता चाचणी द्यावी लागते आणि ती आतापर्यंत झाली २०१७, २०२३ आणि २०२५ मध्ये. पहिल्या दोहोंमधलं पाच वर्षांहून जास्त अंतर बघा. त्यात ज्यांचं बी.एड. २०१८ ला संपलं त्यांनी काय केलं असेल? निवड झालीच तर पहिली तीन वर्षं शिक्षण सेवक म्हणून, कनिष्ठ महाविद्यालयात महिना २०,००० रुपये मानधनावर. हा रस्ता वाईट नाही, आणि बी.ए.ला इंग्रजी किंवा भूगोल होता तर खाजगी शाळांत लगेच काम मिळण्याची शक्यता वाढते. शाळेत शिकवायची मनापासून ओढ असेल तर बी.एड. करा. 'निदान काहीतरी असू द्यावं' म्हणून करणार असाल तर दोन वर्षं फार महाग आहेत.

एमपीएससीबद्दल थोडक्यात. राज्यसेवेची मुख्य परीक्षा आता वर्णनात्मक झाली आहे, वैकल्पिक विषय म्हणून इतिहास घेता येतो, त्यामुळे तुमचा एम.ए. वाया जात नाही. पण पूर्वपरीक्षेत इतिहास हा अनेकांतला एक विषय. पुण्यात खोली, मेस आणि अभ्यासिका यांचा महिन्याचा खर्च तुमच्या घराला झेपेल का ते आधी बघा. झेपत नसेल तर गावी राहून दोन प्रयत्न, आणि दुसरा कुठल्या तारखेचा ते आजच लिहून ठेवा.

आता ज्यासाठी मी एवढं लांबलचक लिहायला बसले ते सांगते. वरच्या तिन्ही रस्त्यांवर तुमच्यासोबत हजारो लोक आहेत आणि सगळ्यांकडे तुमच्यासारखीच पदवी आहे. इतिहासाच्या विद्यार्थ्याला दुसऱ्या कोणाकडे नसलेली एक गोष्ट कमावता येते: जुना कागद वाचता येणं आणि आपण काय वाचलं याची जबाबदारी घेता येणं. ही गोष्ट तुमच्या पदवीत येत नाही, ती वेगळी शिकावी लागते, आणि एम.ए.ची दोन वर्षं त्यासाठी अगदी योग्य आहेत.

जवळून दाखवते. माझ्याकडे सगळ्यात जास्त येतात त्या कोतवाल बुकाच्या नकला, म्हणजे गावच्या जन्ममृत्यूची जुनी नोंदवही. आखलेले रकाने: मयताचं नाव, बापाचं नाव, जात, वय, रोग. वरच्या रेघेला लटकलेली मोडी अक्षरं, लेखणी न उचलता एका दमात लिहिलेली, दोन शब्दांमध्ये जागा नाही, ऱ्हस्व-दीर्घ नाही. लिहिणाऱ्याचा हात प्रत्येक गावाला वेगळा, त्यामुळे पहिली दोन पानं फक्त तो 'क' कसा काढतो, 'र' कसा वळवतो हे ओळखण्यात जातात. एकदा हात ओळखीचा झाला की पान बोलायला लागतं. मी एका गावाची १९१८ च्या ऑक्टोबरची पानं वाचत होते. रोगाच्या रकान्यात ताप, ताप, ताप, ताप. एकाच घरातली तीन नावं एका आठवड्यात. इन्फ्लूएंझाच्या साथीबद्दल वर्गात वाचलेलं होतं, त्या दिवशी ते कळलं.

ही पानं लोक जातीच्या दाखल्यासाठी, वारस नोंदीसाठी, जमिनीच्या दाव्यासाठी आणतात. २०२३ मध्ये न्यायमूर्ती संदीप शिंदे यांच्या समितीचं कुणबी नोंदी शोधण्याचं काम सुरू झालं तेव्हा मोडी वाचणाऱ्यांची शोधाशोध झाली आणि माणसं किती कमी आहेत ते सगळ्यांनाच कळलं. त्याच सुमारास एक गृहस्थ माझ्याकडे आले. जातीच्या रकान्यात शाई फुटून अक्षर गेलेलं होतं. ते म्हणाले, "मॅडम, हाच शब्द आहे, तुम्ही फक्त लिहून द्या." मी लिहिलं: अक्षर अस्पष्ट, वाचता आले नाही. ते रागावून कागद घेऊन गेले, पैसेही मिळाले नाहीत. पण हे कागद पुढे जात पडताळणी समितीसमोर आणि कोर्टात जातात. खोटं वाचन एकदा उघडं पडलं की त्या माणसाचं नुकसान होतंच आणि वाचणाऱ्याचं नाव कायमचं जातं. जे दिसतं तेवढंच सांगायचं, ही शिस्त इतिहासाच्या वर्गात शिकवतात आणि तिच्यावरच हे काम चालतं.

नुसती लिपी येऊन भागत नाही, त्यासाठीही एम.ए. उपयोगी पडतं. पेशवेकालीन पत्रावर तारीख असते अशी: 'इहिदे सितैन मया व अलफ'. अरबी आकड्यांची नावं आहेत. इहिदे एक, सितैन साठ, मया शंभर, अलफ हजार. झाले ११६१, हा सुहूर सन. हा सन मृगाला बदलतो, म्हणून जून ते डिसेंबरच्या महिन्यांना ५९९ मिळवायचे आणि जानेवारी ते मेपर्यंत ६००. पत्र पौषातलं, जानेवारीतलं असेल तर साल १७६१, म्हणजे पानिपताचे दिवस. नुसती लिपी शिकलेला माणूस इथे अडतो, तुम्ही अडणार नाही.

मोडीचे प्रशिक्षण वर्ग राज्याचं पुराभिलेख संचालनालय घेतं, पुण्याचं भारत इतिहास संशोधक मंडळ घेतं, ऑनलाइनही चालतात. वर्ग थोड्या दिवसांचा असतो आणि त्याने फक्त अक्षरओळख होते. पुढे वर्षभर रोज अर्धं पान वाचावं लागतं, त्याला दुसरा इलाज नाही. मेहनताना पानावर ठरतो, हात गिचमिड असेल तर जास्त. दर महिन्याला सारखा पैसा येत नाही. माझं घर यावर चालतं, पण ही घडी बसायला मला चार वर्षं लागली. त्यामुळे सुरुवातीला हे जोडकाम समजा.

तुमच्या भागात मात्र एक वेगळी संधी आहे. मराठवाडा १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होता आणि कारभाराची भाषा उर्दू होती. त्यामुळे तुमच्याकडचे जुने महसुली कागद पुष्कळसे उर्दूत आहेत. मोडी वाचणारे निदान वाढतायत, पण उर्दू कागद वाचून त्यातला मजकूर नीट मराठीत मांडणारी, इतिहास शिकलेली मुलगी मला आजवर भेटलेली नाही. छापील उर्दू वाचायला रोज तास दिलात तर काही महिन्यांत जमेल. गावात उर्दू शाळेचे निवृत्त गुरुजी असतील तर त्यांच्याकडे जा, अशी माणसं आनंदाने शिकवतात. हाताने लिहिलेलं शिकस्ता वळण अवघड असतं, त्याला वेळ द्या. मी तुमच्या जागी असते तर मोडीच्या आधी उर्दूपासून सुरुवात केली असती.

कागदात रमत नसाल तर वस्तूंकडे वळा. संग्रहालयशास्त्राचा पदविका अभ्यासक्रम मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात आहे, पुरातत्त्वासाठी पुण्याचं डेक्कन कॉलेज आहे, अभिलेख व्यवस्थापनाची पदविका दिल्लीचं राष्ट्रीय अभिलेखागार देतं. कंपन्याही आपली कागदपत्रं जपायला माणसं ठेवतात हे आपल्या मुलांना माहीतच नसतं. पुण्यात टाटा सेंट्रल अर्काइव्ह्ज आणि रिझर्व्ह बँकेचं अभिलेखागार आहे, विक्रोळीला गोदरेज अर्काइव्ह्ज. जागा मोजक्या आहेत, पण अर्ज करणारेही मोजकेच. जुलै २०२५ मध्ये बारा मराठा किल्ले जागतिक वारसा यादीत आले, त्यातले अकरा महाराष्ट्रातले. त्यामुळे गडांवर माहिती देणाऱ्यांचं काम वाढेल, पण ते हंगामी असतं. मालिका-चित्रपटांसाठी संदर्भ काढून देण्याचं कामही असतं. ते घ्याल तर निम्मे पैसे आधी घ्या.

आता प्लेसमेंट सेलबद्दल. तुमच्यासाठी कंपनी येणार नाही, हे धरून चाला. पण सेलला आणि विभागाला मागता येतील अशा दोन गोष्टी आहेत. एक म्हणजे माजी विद्यार्थ्यांची वही. आम्ही आमच्या विभागात केली: कोण, कुठल्या साली पास झालं, आज काय करतं, फोन नंबर. तीन दिवाळ्यांत भरली. त्यात तलाठी निघाले, बँकेतले निघाले, पाठ्यपुस्तकांच्या प्रकाशकाकडे संपादन करणारी एक निघाली, वृत्तपत्रातला एक उपसंपादक निघाला. त्या प्रकाशकाकडच्या मुलीच्याच ओळखीने पुढे आमच्या दोन मुलांना मुद्रितशोधनाचं काम मिळालं. तुमच्या विभागात अशी वही नसेल तर सरांना विचारून तुम्हीच सुरू करा.

दुसरी गोष्ट तुमच्या अगदी हातातली आहे. नव्या अभ्यासक्रमात याच सत्रात ऑन जॉब ट्रेनिंग आहे, ४ क्रेडिट म्हणजे १२० तास. बहुतेक मुलं ओळखीच्या दुकानातून किंवा क्लासमधून सहीशिक्क्याचं पत्र आणतात आणि मोकळी होतात. तुम्ही तसं करू नका. तुमच्या जिल्ह्यात तेर आहे, जुनं तगर. पेरिप्लस या प्राचीन ग्रीक व्यापारवर्णनात ज्या बाजारपेठेचं नाव येतं ते गाव तुमच्या एसटीच्या अंतरावर आहे आणि तिथे लामतुरे संग्रहालय आहे. विभागाचं पत्र घेऊन तिथे जा आणि त्या १२० तासांत पन्नास वस्तूंची नोंदपत्रं करायची परवानगी मागा. वस्तू काय, माती की दगड की हस्तिदंत, लांबी-रुंदी किती, कुठे फुटलीय, कुठे सापडली. तिथे जमलं नाही तर छत्रपती संभाजीनगरच्या अभिलेखागारात विचारा. पुढच्या वर्षीचा संशोधन प्रकल्पही तिथूनच उचला. 'मराठवाड्याचा इतिहास : एक अभ्यास' असला विषय घेऊ नका. एका गावाची एक वही किंवा एका संग्रहालयातली एक मांडणी घ्या.

असं केलंत की बायोडेटावर 'एम.ए. इतिहास, प्रथम श्रेणी' या ओळीखाली दुसरी ओळ येते: 'तेर येथील पन्नास वस्तूंची नोंदपत्रे तयार केली' किंवा 'अमुक गावच्या उर्दू नोंदवहीच्या शंभर पानांचे मराठी भाषांतर'. मुलाखतीत मी समोर बसलेली असले की माझे सगळे प्रश्न त्या दुसऱ्या ओळीवर असतात.

तुमचा हिशेब मी असा मांडेन. आतापासून एम.ए. संपेपर्यंत गुण ५५ च्या वर, उर्दू किंवा मोडी यातलं एक, आणि शेवटच्या वर्षात सेट-नेटचा पहिला प्रयत्न. एम.ए. नंतरच्या पहिल्या वर्षी सेट झाली तर तासिका तत्त्वावर शिकवणं आणि जोडीला लिप्यंतर. नाही झाली तर दुसरा प्रयत्न आणि मुद्रितशोधन, खाजगी शाळा असं जे मिळेल ते काम. दुसऱ्या वर्षाच्या सुरुवातीला, दिवाळीआधी, वडिलांसोबत बसून बघा की महिन्याला किती येतंय. त्या आकड्यावर बी.एड. करायचं की पदविका करायची की आहे तेच वाढवायचं ते ठरेल. एमपीएससी यात बसवायची असेल तर तासिका तत्त्वाच्या जागी बसवा. दोन्ही एकदम करायला जाऊ नका, माझ्या पाहण्यात ते कोणालाच जमलेलं नाही.

पहिल्या सत्राचे टक्के किती पडले आणि बी.ए.ला दुसरे विषय कोणते होते, एवढं कळवा. टक्के ५० च्या आसपास असतील तर सेटचा भाग मागे टाकून पदविकेचा पुढे घ्यावा लागेल, आणि मग जूनच्या आत पाठवायच्या अर्जांची यादी मी तुम्हाला वेगळी करून देते.